‘मला उमजलेलं’ गाणं

पुणे, ठाणे, नाशिक, सांगली. नाट्यगृह कुठलंही असो, जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात एक क्षण हमखास येतो. दिवे मंदावतात, वादकांपैकी कुणीतरी माइकजवळ काचेचा ग्लास धरतो आणि त्यावर हलकेच टकटक करतो. गायिकेने तोंड उघडलेलं नसतं, गिटारची तारही छेडलेली नसते, तरी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. ‘चुरा लिया है तुमने’ सुरू होतंय, हे तेवढ्या किणकिणीतून सगळ्यांना कळलेलं असतं.

त्या टाळ्या कुणाच्या खात्यावर जमा व्हायच्या? समोरची गायिका अजून गायलेली नाही. वादकाने केवळ ग्लास वाजवला आहे. टाळ्या पडतात त्या पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काही माणसांनी मिळून सुचवलेल्या, घासलेल्या, पुन्हापुन्हा वाजवून पाहिलेल्या एका कल्पनेला. मग निवेदक पुढे येतो. नायिकेच्या गिटारविषयी, तिच्या पांढऱ्या पोशाखाविषयी दोन वाक्यं बोलतो आणि गाणं सुरू होतं. ज्यांनी ते घडवलं, त्यांच्यातलं एखादंच नाव उच्चारलं जातं. कधी तेही नाही.

एकच चित्रपटगीत अनेकांनी गाण्याबद्दल मराठी घरांत दोन टोकाची मतं ऐकू येतात. जुन्या पिढीला प्रत्येक नवी आवृत्ती म्हणजे विटंबना वाटते. ‘गाणं लोकांचं असतं, त्यात एवढं काय?’ असं नव्या पिढीचं म्हणणं असतं. दोन्ही मतं मूळ प्रश्नाला वळसा घालून जातात. गाणं पुन्हा गाणं हा अपराध नाही, उलट गाण्याचं आयुष्य त्यानेच वाढतं. अपराध होतो तो नावं पुसली जातात तेव्हा, आणि ज्याची मेहनत आहे त्याला विचारलंही जात नाही तेव्हा.

‘चुरा लिया’चाच प्रवास पाहावा. १९७३ साली ‘यादों की बारात’ आला. गीत मजरूह सुलतानपुरींचं, संगीत राहुलदेव बर्मन म्हणजेच पंचमदा यांचं, आवाज आशा भोसले आणि महंमद रफी यांचे. गिटारवर होते भूपिंदरसिंग, ज्यांना लोक पुढे गझलगायक म्हणून ओळखू लागले. चालीच्या पहिल्या ओळीचं ‘इफ इट्स ट्यूजडे, धिस मस्ट बी बेल्जियम’ या १९६९च्या इंग्रजी चित्रपटातल्या शीर्षकगीताशी असलेलं साम्य जाणकारांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. म्हणजे उसनवारी मूळ गाण्यातही आहे. पण पहिली ओळ संपल्यावर पंचमदांनी त्या धाग्यातून जे विणलं, ते सर्वस्वी त्यांचं आहे.

राहुलदेव बर्मन जानेवारी १९९४मध्ये गेले. त्याच वर्षी दिल्लीत जन्मलेल्या आणि बर्मिंगहॅममध्ये वाढलेल्या बॅली सागू यांनी ‘बॉलीवूड फ्लॅशबॅक’ हा अल्बम काढला. त्यात हेच गाणं संथ, जड बेसच्या ठेक्यावर आलं. ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या मुलांना आईवडिलांच्या कॅसेटमधलं गाणं पहिल्यांदा आपलं वाटलं ते तिथे. पुढे २००५ साली अमेरिकेतल्या ‘क्रोनोस क्वार्टेट’ या तंतुवाद्यांच्या चमूने आशाताईंना सोबत घेऊन बर्मन यांच्या गाण्यांचा एक पूर्ण अल्बम केला. झाकिर हुसेन यांचा तबला आणि वू मान यांचं पिपा हे चिनी तंतुवाद्य त्यात होतं. सत्तरी ओलांडलेल्या आशाताईंनी आपलीच गाणी नव्याने गायली आणि अल्बम ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्याचं नाव याच गाण्याच्या ओळीचं इंग्रजी रूप आहे, आणि त्याखालच्या उपशीर्षकातच लिहिलं आहे की ही आर. डी. बर्मन यांच्या बॉलीवूडची गाणी आहेत. वेष्टन हातात घेणाऱ्याला संगीतकार कोण, हे आत शोधावं लागत नाही.

मराठी रसिकाला या वृत्तीची ओळख फार आधीपासून आहे. कुमार गंधर्वांनी नारायणराव राजहंसांची नाट्यपदं आपल्या पद्धतीने मांडली, तेव्हा त्या मांडणीला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या तीन शब्दांत सगळं शास्त्र आहे. ‘बालगंधर्व’ म्हणताच मूळ मालक कोण हे स्पष्ट झालं. ‘उमजलेले’ म्हणताच ही नक्कल नसून आकलन आहे, हे सांगून झालं. आणि ‘मला’ म्हणताच जे बदललं असेल त्याची जबाबदारी गायकाने स्वतःच्या शिरावर घेतली. चित्रपटगीताची कुठलीही नवी आवृत्ती या तीन शब्दांपुढे उभी करून पाहावी. ती प्रामाणिक आहे की नाही, ते लगेच कळतं.

ही कसोटी लावायची तर सुरुवात फार मागे जाऊन करावी लागते. किशोरकुमारांचं ‘झुमरू’मधलं ‘कोई हमदम न रहा’ ऐकताना डोळे पाणावले नाहीत, असा श्रोता विरळा. ‘झुमरू’ १९६१चा, आणि त्याचे संगीतकार म्हणून किशोरकुमारांचंच नाव आहे. पण हे गाणं पंचवीस वर्षं आधी, १९३६च्या ‘जीवन नैया’मध्ये त्यांच्या थोरल्या भावाने, अशोककुमारांनी गायलं होतं. चाल होती सरस्वतीदेवींची. मूळ नाव खुर्शीद होमजी. मुंबईच्या पारशी घरातली ही मुलगी हिंदी चित्रपटसृष्टीतल्या अगदी पहिल्या स्त्री संगीतकारांपैकी एक. ‘पडोसन’मधल्या ‘एक चतुर नार’ची मुळंही अशीच अशोककुमारांच्या १९४१च्या ‘झूला’पर्यंत पोहोचतात. किशोरकुमारांनी त्या गाण्यात जीव ओतला, यात वाद नाही. पण आज हे गाणं गुणगुणणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना सरस्वतीदेवी हे नाव माहीत असेल? नवी आवृत्ती गाजली की जुन्या नावावर पाणी पडतं. ते गाणाऱ्याच्या दुष्टपणाने होतंच असं नाही. कुणी सांगायचं, हे ठरलेलं नसतं म्हणून होतं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि या प्रश्नाला बाजाराचं रूप आलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तेव्हा एक वाट होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की आगाऊ सूचना देऊन, ठरलेलं मानधन भरून दुसऱ्या कंपनीला तेच गाणं नव्या आवाजात ध्वनिमुद्रित करता येत असे. या वाटेने नव्या गायकांच्या आवाजातल्या स्वस्त कॅसेटचा पूर आला. महागडी मूळ रेकॉर्ड न परवडणाऱ्या घरांत रफी, मुकेश, किशोर असे दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यातून पोहोचले. त्या कॅसेटना नाकं मुरडणारे खूप होते. पण सोनू निगम यांची सुरुवातीची ओळख ‘रफी की यादें’मधून झाली आणि कुमार सानू ‘किशोर की यादें’ गात होते, हे विसरून चालणार नाही. थोरांची गाणी गिरवत घडलेली ही माणसं पुढे स्वतःच्या आवाजाने ओळखली गेली. शिवाय या मालिकांच्या नावातच ज्याची आठवण काढायची त्याचं नाव होतं. गीतकार आणि संगीतकार मात्र तिथेही कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांतच राहिले.

खरा घसरडा उतार लागला तो २००२च्या सुमारास. ‘समाधी’ या १९७२च्या चित्रपटातलं लतादीदींचं ‘कांटा लगा’ रिमिक्स होऊन आलं आणि त्याच्या व्हिडिओने देशभर धुमाकूळ घातला. त्याचे गीतकार मजरूह २००० साली गेले होते, संगीतकार पंचमदा त्याच्याही आधी. आक्षेप घ्यायला दोघांपैकी कुणीच उरलं नव्हतं. लोकांनी चर्चा केली ती व्हिडिओतल्या नृत्याची. गाण्याचे अंतरे कुणी लिहिले, चाल कुणी बांधली, हे कुणी विचारलं नाही.

त्याच काळात एक गाणं थेट अमेरिकेच्या न्यायालयात पोहोचलं. ‘ज्योती’ या १९८१च्या चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा, लतादीदींच्या आवाजासकट, ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या २००२च्या ‘ॲडिक्टिव्ह’ या गाण्यात वापरला गेला. गाणं तिथे प्रचंड गाजलं. संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव त्यावर नव्हतं. त्यांनी दावा ठोकला आणि २००३च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने आदेश दिला, की लाहिरींचं नाव छापलं जाईपर्यंत या सीडीची विक्री थांबवा. मुंबईतल्या एका संगीतकाराच्या नावासाठी अमेरिकेतली विक्री रोखली गेली, ही लहान घटना नव्हती. पुढे मात्र दावा टिकला नाही. गाण्याचे मालकी हक्क लाहिरींकडे नाहीत, असं न्यायालयात ठरलं. चाल ज्याने बांधली तो मालक नाही आणि जो मालक आहे त्याने एक सूरही लावलेला नाही, ही आपल्या चित्रपटसंगीताची व्यवस्था त्या खटल्यात उघडी पडली.

हाच गुंता आजच्या ‘रीक्रिएशन’च्या मुळाशी आहे. गाण्याचे हक्क ज्या संगीत कंपनीकडे असतात, तिला ते नव्या चित्रपटात वापरण्यासाठी बाहेर कुणाची परवानगी मागावी लागत नाही. मुखडा तेवढा ठेवायचा, कारण तो लोकांच्या ओठांवर आहे. अंतरे काढून टाकायचे, त्या जागी रॅप घालायचा, ठेका वाढवायचा. दोन मिनिटांत ओळखीचा आनंद मिळतो आणि नव्या चालीवर लागणारी जोखीम वाचते. २०२०च्या एप्रिलमध्ये ‘दिल्ली-६’मधल्या ‘मसकली’चं असंच नवं रूप आलं, तेव्हा सहसा शांत राहणाऱ्या ए. आर. रहमान यांनी आपल्या मूळ गाण्याचा दुवा देऊन श्रोत्यांना तेच ऐकायला सांगितलं. त्या गाण्यामागे किती वादकांचे आणि किती दिवसांचे कष्ट होते, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

त्याआधी, २०१८मध्ये, लतादीदींनी याच विषयावर जाहीर पत्र लिहिलं होतं. जावेद अख्तर यांच्याशी बोलणं झाल्यावर लिहिलेल्या त्या पत्रात त्यांनी सरसकट विरोध केला नव्हता. मूळ गाण्याचा गाभा राखून कुणी ते नव्याने, चांगल्या रीतीने मांडत असेल तर त्यात वावगं नाही, हे त्यांनी मान्य केलं. त्यांचा आक्षेप होता गाण्याची मोडतोड करण्याला आणि मूळ रचनाकाराच्या जागी दुसऱ्याचं नाव लावण्याला. कुमारांचे तीन शब्द आणि दीदींचं पत्र वेगवेगळ्या काळातली असली, तरी रेषा एकाच जागी ओढतात.

आता कायद्याकडे. २०१२च्या दुरुस्तीने बरंच काही सुधारलं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी केलेली मांडणी अनेकांना आठवत असेल. जुनं गाणं नव्या आवाजात ध्वनिमुद्रित करण्यासाठीची, म्हणजे ‘कव्हर’साठीची, दोन वर्षांची मुदत पाच वर्षांवर गेली. वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचं मानधन बंधनकारक झालं. हे कव्हर आहे असं वेष्टनावर लिहिणं आणि मूळ गायकाच्या नावाने किंवा चित्राने लोकांची दिशाभूल न करणं, अशा अटी आल्या. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं तर गीतकार आणि संगीतकाराला मिळणारा मानधनाचा वाटा कुणी करार करून हिरावून घेऊ शकत नाही, हे सर्वांत मोठं पाऊल होतं.

तरी एक भोक उरलंच. ध्वनिमुद्रणावर काय छापायचं हे सांगणारं कलम ‘५२-अ’ ते बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता मागतं, हक्कधारकाचं नाव आणि पत्ता मागतं, प्रकाशनाचं वर्ष मागतं. कवीचं आणि संगीतकाराचं नाव ते स्वतंत्रपणे मागत नाही. आपल्या कृतीचं श्रेय मागण्याचा नैतिक अधिकार कलम ५७ त्यांना देतं, पण त्यासाठी त्यांनी किंवा त्यांच्या वारसांनी स्वतः कोर्टाची पायरी चढायची. कंपनीचा पत्ता छापणं सक्तीचं आणि कवीचं नाव छापणं मर्जीचं, हा क्रम उलटा आहे. कलम ‘५२-अ’मध्ये गीतकार, संगीतकार, संयोजक आणि मूळ गायक यांची नावं सक्तीची करावीत, आणि ती सक्ती मोबाइलवरच्या संगीत ॲपनाही लागू करावी. ही मागणी अवघड नाही. माहिती कंपन्यांच्या दप्तरात आहेच, पडद्यावर आणण्याचं काम तेवढं बाकी आहे.

या यादीत ‘संयोजक’ हा शब्द मुद्दाम आहे. ऑर्केस्ट्रात सर्वांत काटेकोरपणे उतरवलं जातं ते काय? गायक हरकत बदलतो, तान वाढवतो, पण सुरुवातीचा आणि दोन अंतऱ्यांमधला म्युझिक पीस जसाच्या तसा यावाच लागतो. तो चुकला तर प्रेक्षक कुजबुजतात. हे पीस रचण्यात आणि ते स्टाफ नोटेशनमध्ये उतरवण्यात मोठा वाटा होता तो गोव्याहून मुंबईला आलेल्या ख्रिस्ती संगीतकारांचा. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी संयोजन करत. हळदोण्याचे चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जॅझचे रंग भरत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि शिष्याने १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका धमाल गाण्यातून गुरूचं नाव देशभर पोहोचवलं. तेव्हाही बहुतेकांना ते एका काल्पनिक पात्राचंच नाव वाटलं. ‘रूप तेरा मस्ताना’चं ॲकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. आज ते पीस हुबेहूब वाजवणारा कीबोर्डवादक टाळ्या घेतो, त्या त्याच्या हक्काच्या आहेतच. केरसी लॉर्ड यांचं नाव त्यात मिसळलं, तर त्या कमी होणार नाहीत.

चांगल्या नव्या आवृत्त्यांची उदाहरणं मराठीत पुष्कळ आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातलं ‘घेई छंद मकरंद’ हे पद पंडित जितेंद्र अभिषेकींनी दोन घराण्यांच्या दोन वेगळ्या चालींत बांधलं. एकच गाणं दोन गळ्यांत किती निराळं होतं, हा त्या नाटकाच्या कथेचाच भाग होता. २०१५मध्ये चित्रपट झाला तेव्हा शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी दिली, पण अभिषेकीबुवांची पदं मानाने जागच्या जागी राहिली. वसंतराव देशपांडे यांनी अजरामर केलेल्या खाँसाहेबांना त्यांच्याच नातवाचा, राहुल देशपांडे यांचा आवाज मिळाला. पंडितजी साकारले आणि गायले शंकर महादेवन यांनी. लहान मुलं शाळेच्या स्नेहसंमेलनात ती पदं म्हणू लागली. २०११च्या ‘बालगंधर्व’मध्ये आनंद भाटे यांनी शंभर वर्षांपूर्वीची गायकी उभी केली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. या दोन्ही चित्रपटांनी मूळ माणसाला विस्मरणात ढकललं नाही, त्याला नवे श्रोते मिळवून दिले.

अगदी नाचाच्या गाण्याचंही हेच. ‘सैराट’चं ‘झिंगाट’ २०१६मध्ये आलं, पुढच्या वर्षी ‘मनसु मल्लिगे’मधून कन्नडमध्ये गेलं आणि २०१८मध्ये ‘धडक’मधून हिंदीत. शब्द बदलले, नायक-नायिका बदलले, पण संगीतकार म्हणून अजय-अतुल यांचंच नाव कायम राहिलं. लग्नाच्या वरातीत बँडवाला जेव्हा ते क्लॅरिनेटवर वाजवतो, तेव्हा भाषा कुठलीही असो, गाणं कुणाचं हे कुणाला सांगावं लागत नाही.

‘लोकांना आवडतंय ना, मग कशाला कटकट?’ हा प्रश्न उरतो, आणि त्यात तथ्यही आहे. रिमिक्समुळे कितीतरी मुलं मूळ गाण्याकडे वळली, हे खरं. पण वळायला रस्त्यावर पाटी लागते. ज्या मुलीला ‘कांटा लगा’ आवडलं, तिला मजरूह हे नाव दिसलं असतं तर ती तिथून ‘चुरा लिया’पर्यंत आली असती आणि मग मजरूहच्या गझलांपर्यंत. नाव नसलं की गाणं एकटंच राहतं, त्याच्या मागेपुढे काही उरत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. नाट्यगृहातल्या निवेदकाला, वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला, कराओकेवर गाऊन व्हिडिओ टाकणाऱ्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याला त्यासाठी थांबायची गरज नाही. पडद्यावर परीक्षकांच्या खुर्च्या दिसतात तेवढा वेळ पाच नावं सहज मावतात. शनिवारच्या कार्यक्रमात दिवे मंदावले की निवेदकाने पोशाखाचं वर्णन एका वाक्याने कमी करावं आणि सांगावं: “शब्द मजरूह सुलतानपुरी, संगीत राहुलदेव बर्मन, मूळ आवाज आशाताई आणि रफीसाहेब, गिटार भूपिंदरसिंग, चित्रपट १९७३चा.” दहा-बारा सेकंदं लागतात. त्यानंतर गायिकेचं नाव घ्यावं, आणि मग वादकाने ग्लासवर टकटक करावी.